अप्पांचा शेवटचा फोटो

आता तुम्ही हसणार, मला माहीत आहे. हसा. पण मी जे केलं ते मयताच्या घरी केलं, आणि मयत माझ्या सख्ख्या काकांचं होतं, एवढं ध्यानात ठेवून हसा.

अप्पा सकाळी गेले. त्यांचा मुलगा, आमचा दीपकदादा, फौजेत, पार आसामात. रजा मिळाली तरी पोचायला तीन दिवस. तेवढं थांबणार कसं? तो फोनवर एवढंच म्हणाला, ‘आई, मला एकदा चेहरा बघू दे.’

काकूनं फोन ठेवला, कपाटातून त्याचाच डिजिटल कॅमेरा काढला आणि माझ्या हातात दिला. का? तर घरात बी.कॉम. झालेली मी एकटी!

अहो, बी.कॉम.ला फ्लॅश शिकवतात का? आणि मी कोण? कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारी!

त्यात लोडशेडिंग. भर दुपारी पुढच्या खोलीत अंधार, दारात माणसं दाटलेली. बुद्धवंदना झाली होती, बाहेर स्मशानात न्यायची गाडी येऊन उभी होती. म्हणजे काय करायचं ते आत्ताच.

मी अप्पांच्या अगदी तोंडाजवळ वाकले. बटण दाबलं. लख्ख! मीच किंचाळले.

पडद्यावर बघते तर अप्पा पांढरेफटक. नाक नाही, मिशी नाही, नुसती उशी. तीस वर्षं अंबडच्या कारखान्यात भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस हा!

काकूनं कॅमेरा ओढून घेतला. ‘हे कोण? माझा नवरा जन्मात एवढा गोरा नव्हता!’

‘लय जवळ गेली पोरी तू,’ शेजारचे बनसोडे मामा दारातून म्हणाले. ‘त्या फ्लॅशनं माणूस जळून गेला ना! मागं सर.’ मग आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच कळलं आणि ते छताकडे बघायला लागले.

मी कॅमेरा परत घेतला, तो फोटो पुसला आणि सरकत सरकत भिंतीला टेकले. झूम करून चेहरा जवळ आणला, श्वास धरला, बटण दाबलं. मिशी आली! नाकसुद्धा आलं! तेवढ्यात कॅमेरा टुंग् वाजला आणि पडद्यावर इंग्रजीत प्रश्न: कुणी डोळे मिटले का?

त्या कॅमेऱ्याला ती खोडच होती. डोळे मिटलेले दिसले की विचारायचा. घरातल्या प्रत्येक वाढदिवसाला हा प्रश्न आला की मी एकच वाक्य बोलायचे. तेच तोंडातून निघालं, तेही खणखणीत आवाजात:

‘अप्पा, डोळे मिटू नका हो! परत घेते!’

आणि सवयीनं तो फोटो पुसूनही टाकला.

खोलीत सगळं थांबलं. हुंदकेसुद्धा. बनसोडे मामांनी तर खरोखर अप्पांकडे वळून बघितलं.

मला वाटलं, आता गाडीत अप्पांच्या शेजारी मलाही घाला.

पहिल्यांदा हसली ती काकू. सकाळपासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. ‘आयुष्यभर कुणाचं ऐकलं नाही गं त्यांनी,’ म्हणाली, ‘आता तुझं ऐकतील?’ आणि हसता हसता तिनं असा हंबरडा फोडला की मी दचकले. दचकताना बटण दाबलं गेलं, बोट फ्लॅशवर. मग माणसं पुढे झाली, अप्पांना उचललं, आणि माझ्याकडे उरला तो तेवढाच फोटो.

संध्याकाळी सायबर कॅफेतून तो पाठवला. दोन दिवस फोन वाजला की मी दचकायचे. मग दीपकदादाचा फोन आला.

‘फोटो बघितला,’ म्हणाला. ‘चेहऱ्यावर लाली आहे गं. झोपल्यासारखे वाटतात.’

आता ह्याला कसं सांगू, की ती लाली फ्लॅशवर आलेल्या माझ्या बोटाची होती? पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

‘एक विचारू?’ म्हणाला. ‘तू सांगितल्यावर उघडले का त्यांनी डोळे?’

म्हणजे फोटोच्या आधी माझा पराक्रम आसामात पोचला होता!