मांडीवरचे तिकीट

पृथ्वीवरच्या कोणत्याही दोन गावांमधले सर्वांत स्वस्त विमान तुयेच्या भावोजींना ठाऊक नसेल, तर ते विमान अजून उडायला लागलेले नाही असे समजावे. ते स्वतः मात्र कुडाळच्या पुढे कधी गेलेले नाहीत, आणि कुडाळलाही गेले ते एका लग्नाला, टेम्पोतून. पासपोर्ट नाही. विमान त्यांनी पाहिले आहे ते खालूनच. मोपाचा विमानतळ झाल्यापासून ते रोज दिसते, कारण उतरणारी काही विमाने त्यांच्या बाल्कांवावरूनच जातात. बाल्कांव म्हणजे दारापुढची बसायची जागा. भावोजी तिथे बसलेले असले की वरून जाणारे विमान कुठून आले, त्यातल्या प्रवाशांनी काय भाडे दिले असेल आणि त्यातले किती जण फसले, हे ते आपणहून सांगतात. एकदा मी विचारले, तुम्ही का नाही जात? म्हणाले, "माझां तिकीट अजून उतराक नाय रे."

भावोजी म्हणजे माझ्या चुलत बहिणीचे, माईचे, यजमान. तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ते माल रवाना करण्याच्या खात्यात होते. निवृत्त होईपर्यंत त्यांनी खोके जगभर पाठवले, आणि माणूस व खोका यांत त्यांना आजही एकच फरक मान्य आहे: खोका वाटेत तक्रार करीत नाही. थेट जाणारे विमान हा त्यांच्या मते श्रीमंतांचा आळस. माल थांबत थांबत गेला की स्वस्त पडतो, तसाच माणूसही. मयेच्या एका मास्तरांचा मुलगा, सून आणि त्यांचे रांगते बाळ ऑकलंडला निघाले, तेव्हा तिकिटे भावोजींनी शोधली. वाटेत इतक्या ठिकाणी उतरावे लागले की पोचल्यावर मुलाने मास्तरांना फोन करून पहिली चौकशी केली ती आज कोणता वार आहे, याची. मास्तर हे गाऱ्हाणे घेऊन तुयेला आले. भावोजींनी त्यांना चहा दिला आणि शांतपणे सांगितले, "मास्तरांनू, वार चुकता म्हणानच स्वस्त पडता." मास्तर बिचारे पटल्यासारखे परत गेले. पुढच्या वर्षी मुलाच्या परतीचे तिकीटही त्यांनी भावोजींकडूनच शोधून घेतले.

तिकीट शोधण्याची त्यांची पद्धत मी पुष्कळदा जवळून पाहिली आहे. माझे आयुष्य वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले; कोणी काही ठामपणे सांगितले की ते दुसरीकडे तपासून घ्यावे, एवढी सवय तिथून लागली. भावोजींची पद्धत चोपड्याच्या नदीकाठावरची आहे. तिथे होडीवरून उतरलेले शेवटे, म्हणजे खाडीतले मासे, घेताना ते कोळणीसमोर जसे उभे राहतात, तसेच लॅपटॉपसमोर बसतात. आपल्याला मासळी हवी आहे हे कोळणीला कळता कामा नये, आणि आपल्याला टोरोंटोला जायचे आहे हे विमान कंपनीला. म्हणून ते आधी आइसलँडची तिकिटे बघतात. मग पेरूची. मग सहज जाता जाता नजर पडावी तसा टोरोंटोचा भाव काढतात, "ह्या? छे!" असे मोठ्याने म्हणतात, पान बंद करतात आणि बाल्कांवावर जाऊन उभे राहतात. कोळीण जशी मागून हाक मारते तसे मशीनही मारील, अशी त्यांची श्रद्धा आहे. थोड्या वेळाने परत येऊन पान उघडतात. ही तपासणी मी माझ्या घरी, डिचोलीत, करून पाहिली. एकदा भाव उतरला, एकदा चढला, एकदा होता तिथेच राहिला. यातून काही निष्कर्ष काढता येत नाही असे मी त्यांना कळवले. त्यांना तो लगेच काढता आला: चढला तेव्हा मी फार लवकर आत आलो होतो. "हावरेपणा दिसता रे त्येंका," ते म्हणाले.

वेळही ठरलेली. दुपारी, जेवण झाल्यावर. तेव्हा सगळा गाव झोपतो, गिऱ्हाईक कमी, भाव पडणारच. तुये झोपले तरी बाकीचे जग जागे असते, हे मी निदर्शनास आणून दिले. "जगाचां जग बघून घेतला," असे उत्तर मिळाले.

लहान मूल घेऊन प्रवास करणाऱ्यांविषयी त्यांना विशेष माया. विमानात पुढच्या भिंतीला अडकवायचा पाळणा मिळतो, पण तो आधी मागावा लागतो आणि बाळ ठराविक वजनाच्या आतच असावे लागते, हे त्यांनी कुठेतरी वाचले. तेव्हापासून लग्नकार्यात कोणाचेही मूल दिसले की ते उचलून हातावर तोलतात. पेडण्याच्या एका लग्नात त्यांनी एका अनोळखी बाईचे मूल असेच उचलले, डोळे मिटून दोनदा वरखाली केले आणि "पाळण्यात बसता. पण घाई करा, अंग धरता हा," असे बजावून परत दिले. त्या कुटुंबाला कोठेही जायचे नव्हते. माई त्यांना हाताला धरून पंगतीकडे घेऊन गेली. आणि दोन वर्षांचा नियम तर ते नवरानवरीला मुंडावळ्या सुटायच्या आधीच सांगतात: दोन वर्षांच्या आतले मूल आईबापाच्या मांडीवर बसते, त्याचे भाडे नावापुरते, दोन पूर्ण झाली की वेगळी सीट आणि सीटचे भाडे. शिवाय जाताना दोनच्या आत असून भागत नाही, परतीच्या दिवशीही असावे लागते. "लोक हंयच पडतत," हे त्यावरचे त्यांचे भाष्य.

त्यांची स्वतःची मुलगी टोरोंटोजवळ राहते. नात अन्वी तिकडेच जन्मली. भावोजींनी आणि माईने तिला फोनच्या काचेत रांगताना पाहिले, उभी राहताना पाहिले. एकदा ती तिकडे पडली आणि माईने इकडे हात पुढे केला. मुलीने बाळासाठी नोकरी सोडली होती, एका पगारावर घर चालले होते. तीन सीटा परवडणार नाहीत, हे तिने आधीच सांगून ठेवले होते. म्हणजे यायचे तर अन्वी मांडीवर बसू शकते तोवरच. नाहीतर पुढे कधी, ते कोणालाच सांगता येत नव्हते. ज्या नियमावर भावोजींनी गावभर व्याख्याने दिली, तो आता त्यांच्याच दारात येऊन बसला होता.

ते महिनोन्‌महिने भाव बघत राहिले. आइसलँड आणि पेरू यांच्याकडे इतक्या वेळा पाहिले गेले की त्या देशांना भावोजी येणार असे वाटू लागले असावे. एकाच बाबतीत त्यांनी तत्त्व सोडले. स्वस्त तिकीट मुंबईपर्यंतचे होते, पुढे रेल्वे. पण विमाने घरावरून जात असताना नात रेल्वेने येणार, हे माईला मान्य नव्हते. तेव्हा शेवटचा टप्पा मोपाचा ठरला. अखेर एका दुपारी भाव मनासारखा उतरला आणि मला बोलावणे आले. इतक्या मोठ्या खरेदीला साक्षीदार असावा म्हणून.

मी पोचलो तेव्हा लॅपटॉप मेजावर होता आणि फोन पाण्याच्या तांब्याला टेकून उभा केलेला. फोनमध्ये मुलगी. तिच्याकडे पहाट होती. अन्वी मागे झोपलेली. परतीचा दिवस भावोजींनी रथसप्तमीच्या दोन दिवस आधीचा धरला होता. नावे भरली, पासपोर्टचे आकडे भरले, बाळाची जन्मतारीख मुलीने वाचून दाखवली, त्यांनी ती टंकली. पानावर लाल ओळ आली. परतीच्या दिवशी हे मूल दोन वर्षांहून मोठे असेल, बाळ म्हणून चालणार नाही.

"खोटां बोलता," भावोजी म्हणाले.

पुन्हा भरले. पुन्हा लाल ओळ.

"मशीनाक शिरां पडो! अगो बाय, अन्वी रथसप्तमीची ना?"

"रथसप्तमीचीच, बाबा."

"मगे? रथसप्तमेक दोन वर्सां होतली. तेच्या आधी दोन दिस तुमी विमानात. ह्येका कोणी शिकवलां?"

माई आतून हात पुसत आली. तिने लॅपटॉपकडे पाहिले नाही, भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या जागी टांगलेल्या पंचांगाकडे पाहिले. "अहो, मधी अधिक महिनो इललो," ती म्हणाली. "औंदा रथसप्तमी उशिरा आसा. त्येंच्या कागदार तिचो वाढदिवस आदल्या आठवड्यातच जाता."

त्या घरात कोणाचाच वाढदिवस तारखेने होत नाही. सगळे तिथीने ओवाळले जातात, आणि अन्वी दोन वर्षांची कधी होणार हे भावोजींना कोणाला विचारावे लागले नव्हते, तारीख बघावी लागली नव्हती. गावभर लोकांना पडण्यापासून वाचवणारा माणूस नेमका तिथेच पडला होता.

"बाबा, काय नाय," मुलगी म्हणाली. "आमी आठवडोभर आधी परततंव. सोपां आसा."

सोपेच होते. मुक्काम एक आठवड्याने कमी, एवढेच. माईने मेजावरचे पाण्याचे थेंब पदराने टिपले. रथसप्तमीला अंगणात तुळशीपुढे दूध उतू घालायला तिने एक लहानसे मातीचे मडके आणून ठेवले होते, अन्वीच्या हाताएवढे; मी आलो तेव्हाच तिने ते मला दाखवले होते. निघायचा दिवस दोन दिवस पुढे ढकलला की सण तिच्यासोबत होईल, असे ती म्हणत होती. भावोजी ते टाळत होते, कारण त्या दिवशी अन्वी दोनची होते. आता सणही नाही आणि तो आठवडाही नाही.

भावोजी उठून बाल्कांवावर गेले. मला वाटले, नेहमीची घासाघीस. मोपाकडे उतरणारे एक विमान अगदी खालून गेले, माडांच्या झावळ्या हलल्या. ते कुठून आले हे त्यांनी सांगितले नाही. आत आले, बसले, परतीचा दिवस रथसप्तमीनंतरचा केला, 'बाळ' पुसून 'मूल' केले. पानावर नवी रक्कम उमटू लागली, तसा त्यांनी तिच्यावर पालथा पंजा ठेवला.

"बाबा, काय करतास?"

"सीट घेतंय. जातां-येतां दोनय."

"ती मांडयेर बसात हो येताना तरी! भाव बघितलात तुमी?"

"मांडयेर कित्याक? तिका तिचां कदेल होयां. जनेलाकडचां." खुर्चीला आणि खिडकीला आमच्याकडे अजून हेच शब्द आहेत, विमानात ते प्रथमच गेले असतील. "आणि भाव मी बघलंय. उरलेले पैशे माझे."

त्यांनी भाव पाहिला नव्हता. मी शेजारीच होतो. पंजा तिकीट निघेपर्यंत हलला नाही. माईने माझ्याकडे पाहिले आणि मी मेजाकडे.

ती तिघे आली तेव्हा मोपाला मीही गेलो होतो. भावोजी उतरून येणाऱ्यांच्या दाराकडे तोंड करून उभे होते, आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला मनातल्या मनात भाडे विचारत असावेत. मुलगी आली, जावई आला, अन्वी आईच्या खांद्यावर झोपलेली. मुलीने पहिली बातमी दिली ती ही: अन्वी सबंध प्रवासात एक क्षणही सीटवर बसली नाही. आईची मांडी सोडायला तयार नव्हती. खिडकीकडच्या सीटवर तिचा कापडी ससा पट्टा लावून आला.

"ससो? जनेलाकडे?" भावोजी म्हणाले. "बरां झालां. तेणां तरी बघलां."

मग त्यांनी अन्वीला हातावर घेतले. डोळे मिटले. आम्ही सगळे वजनाची वाट पाहत होतो. माईने विचारलेच, "कितकी भरली?"

"कळाक नाय," ते म्हणाले.

पुढे त्या बाल्कांवावर ती रोज त्यांच्या मांडीवर असायची. विमान आले की दोघेही वर बोट करायची. रथसप्तमीला लहान मडक्यातले दूध ठरल्याप्रमाणे उतू गेले आणि अन्वीने ते पाहून टाळ्या वाजवल्या. सणानंतर ती गेली. जातानाही, कळले की, ससाच खिडकीत बसला होता.

त्यानंतर काही दिवसांनी मी तुयेला गेलो. दुपार होती, गाव झोपलेला, लॅपटॉप मेजावर उघडा. आइसलँड नव्हते, पेरू नव्हते; सरळ टोरोंटो, दोन मोठी माणसे. कोणासाठी ते मी विचारले नाही. भावोजी बाल्कांवावर बसले होते. मला बसायला सांगून त्यांनी इतक्या वर्षांत प्रथमच विमानाविषयी मला एक प्रश्न विचारला.

"तू गेलंस रे दोन-तीनदा. उचलतेवेळी पोटात कसां होता?"

मी आठवून पाहिले. "जत्रेतल्या पाळण्यात होतं तसं," म्हणालो.

"वर जाताना काय खाली येताना?"

"वर जाताना."

त्यांनी हात वर करून मला गप्प केले. मोपाहून एक विमान उठले होते. झाडांमुळे दिसत नव्हते, नुसता आवाज येत होता. तो पार विरून जाईपर्यंत ते ऐकत राहिले.

"मगे काय नाय," ते म्हणाले. "तितक्या सोसात."