फुगा अक्षर

जळगावात स्टँडजवळ माझं पाट्या रंगवायचं दुकान होतं. माझ्यासारखं अक्षर अख्ख्या खान्देशात कुणाचं नाही, अशी तेव्हा माझी समजूत होती. समजूत कसली, माज होता. एका विलायती पुस्तकातल्या गुबगुबीत एबीसीडीवरून मी मराठी अक्षर बसवलं होतं. कोपरा म्हणून कुठे नाही, सगळं गोल. 'क'चं पोट टम्म, अनुस्वार लाडवाएवढा, आणि प्रत्येक अक्षराच्या खांद्यावर पांढऱ्या रंगाची एक चमक. आम्ही त्याला फुगा म्हणायचो. कुल्फीच्या गाड्या, केळी वेफर्सची दुकानं, बालवाडीच्या भिंती, बँडवाल्यांचा टेम्पो, जिकडे तिकडे फुगा. पार दोंडाईच्याहून गिऱ्हाईक यायचं त्यासाठी.

त्यातली खरी गंमत मात्र मलाच ठाऊक. फुग्याला खडू लावलेली दोरी मारून रेघ आखावी लागत नाही. हात हलला तर अक्षर आणखी जाड करायचं, झालं. वकिलाच्या पाटीला मी दोन दिवस घालवायचो. फुगा चहा पिता पिता व्हायचा.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलून कमरेत वाकलेले एक आबा दुकानाच्या पायरीशी येऊन उभे राहिले. इतर म्हाताऱ्या माणसांना मी आबा, नाना म्हणायचो, खुर्ची द्यायचो. यांना नुसतं "हां, बोला" म्हणालो.

"मनी पोर डॉक्टर व्हयनी, भाऊ," ते म्हणाले. "आमनाच गल्लीमा दवाखाना काढी ऱ्हायनी. चौकमा त्या वकीलनी पाटी शे ना, तशीच अक्षरं काढी द्या."

तशीच, हे त्यांनी दोनदा सांगितलं. खिशातून कागद काढून दिला. त्यावर मुलीने स्वतःच्या हाताने मजकूर लिहिला होता: तिचं नाव, मध्ये वडिलांचं, मग आडनाव, पदवी.

घाई होती, असं मी नंतर कित्येकांना सांगितलं. काही घाईबिई नव्हती. ती बौद्धांची वस्ती, आत बोळात. तिथं कोण येतंय अक्षर बघायला, असं मी मनाशी म्हटलं आणि फुगा काढला. हे आता लिहितानाही माझे कान तापतात.

पाटी न्यायला बापलेक दोघं आले. मुलीने पाटी पाहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"काका, दवाखाना आहे हा," ती हळूच म्हणाली. "कुल्फीची गाडी नाही."

"हल्ली हेच चालतं," मी गुरकावलो. वर शहाणपणा शिकवला, "लांबून दिसायला पाहिजे ना!"

आबांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "मनं नाव यामा कोठे शे, भाऊ? माले वाचता येत नही."

मी ब्रशच्या दांड्याने मधला शब्द दाखवला. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. रंग पुरता वाळला नव्हता, बोटाला लागला. ते हसले. "भलतं भारी दिसी ऱ्हायनं," म्हणाले.

मुलगी पुन्हा काही बोलणार, तेवढ्यात ते तिला म्हणाले, "ऱ्हाऊ दे ना माय. माले आवडनं." पाटी त्यांनी स्वतःच्याच पाठीवर घेतली.

त्यानंतर त्या बोळावरून जायची वेळ आली की मी सायकल दुसऱ्या रस्त्याने काढायचो. एकदा जाऊन पाटी बदलून द्यावी, नीट, वकिलासारखी, असं शंभरदा ठरवलं. जमलं नाही. जमवलं नाही म्हणा.

चार-पाच वर्षांनी निवडणूक होती. शाळेच्या खोलीत मतदानाची रांग, आणि माझ्या पुढे नेमके आबा. त्यांनी मला पाहिलं नव्हतं. टेबलावरच्या अधिकाऱ्याने सवयीने शाईचं पॅड पुढे सरकवलं.

"अंगठा नही," आबा म्हणाले. "सही करस मी."

पेन मुठीत धरून ते वाकले. वेळ लागला. मागे कुणीतरी "आटपा हो" म्हणून कुरकुरलं. मी खांद्यावरून डोकावलो. कागदावर फुगा होता. आधी गोल गोल कडा, मग आतली शाई भरलेली, पोट टम्म. प्रत्येक अक्षराच्या खांद्यावर चमकेची जागा त्यांनी कोरी सोडली होती.

अधिकारी हसला. "आजोबा, ही सही आहे की चित्र?"

रांगही हसली. आबांना त्याचं काहीच वाटलं नाही. ते मागे वळले, मला ओळखलं, आणि माझा हात धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "यास्नी लिखेल पाटी पाहीपाहीसन शिकनू मी. हाऊ भाऊ मना मास्तर शे!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला तोंड लपवायला जागा नव्हती. पाटी बदलून देतो, हे शब्द इतकी वर्षं माझ्या ओठांवर होते, ते मी तिथंच गिळले. पाटी बदलली असती तर आबांना स्वतःचं नाव ओळखता आलं नसतं.

अधिकाऱ्याने पेन माझ्यापुढे केलं. मी मान खाली घालून सही केली.