अलार्मचं बटण
काल गॅसची नळी बदलताना नव्या रबराचा वास आला आणि अतिदक्षता विभागातली ती दुपार आठवली. तेव्हा मी कोल्हापुरात एका दवाखान्यात नर्स होते. शिरोळकडचे एक ट्रॅक्टरवाले न्यूमोनियामुळे व्हेंटिलेटरवर होते. हवेचा दाब वाढल्याचा अलार्म सकाळपासून दोनदा वाजला होता आणि खोकल्यामुळे वाजत असेल म्हणून मी तो बंद केला होता. तिसऱ्यांदाही माझं बोट त्याच बटणावर गेलं. तेवढ्यात भेटायला आलेली त्यांची बायको म्हणाली, "सिस्टर, ह्यांची छाती हलंना झालीया की." मी पाहिलं. मशीनची नळी कुठे दुमडली नव्हती. मशीन बाजूला करून हाताने श्वास द्यायचा फुगा लावून दाबला, तर तो दबेचना. कफ ओढायची बारीक नळीही आत जाईना. हाक मारल्यावर डॉक्टर धावत आले आणि त्यांनी घशातली नळी काढून दुसरी घातली. जुनी नळी वाळलेल्या कफाने पार बुजली होती. हळूहळू छाती हलू लागली. पंधरा दिवसांनी ते घरी निघाले, तेव्हा बायकोने माझे दोन्ही हात धरले. "तुमच्यामुळं वाचलं बघा," ती म्हणाली. मी नुसती मान हलवली आणि पुढच्या पेशंटचं बीपी घ्यायला गेले. छाती हलत नाही हे तिने पाहिलं होतं, मी नाही. हे मी आज पहिल्यांदाच सांगते आहे.