मुकादमाचा अवसर

स्वराज्य येऊन दहाएक वर्षं झाली होती आणि तारकर्लीकडे जाणारा रस्ता आत्ता कुठे व्हायला लागला होता. मी आणि माझी थोरली जाऊ त्यावर खडी वाहायचो. जावेला सातवा महिना. वैशाखातल्या दुपारी तिच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. दोनदा तर पाटीसकट खाली बसली. मुकादमाला म्हटलं, दुपारी घटकाभर सावलीत बसू द्या. तर म्हणतो, “उन्हाक भिऊन बसलास तर रस्तो कोण करतलो? माजो बापूस?” त्याच्या बापाला मी पाहिलं होतं. तो काही करणाऱ्यांतला नव्हता.

पाणी प्यायला वळलो तर ह्या बाया बसतील, या भीतीने मुकादम स्वतःही पाणी पीत नसे. व्हायचं तेच झालं. एका दुपारी तो काहीबाही बडबडू लागला, मान हलवू लागला आणि धाडकन आडवा झाला. अंग नुसतं तापलेलं. ऊन लागलं होतं, दुसरं काही नाही. आम्ही त्याला काजूखाली ओढलं, डोक्यावर घागर रिकामी केली. डोळे मिटूनच तो पुटपुटला, “पाणी... सावली...”

आमच्याकडे कुणाच्या अंगात देव आला की त्याला अवसर म्हणतात आणि त्याच्यापुढे गाऱ्हाणं घालतात. ते काम पुरुषांचं. पण मला राहवलं नाही. हात जोडून मी मोठ्याने सुरू केलं, “बा देवा म्हाराजा, तू ह्या मुकादमाच्या अंगात इलंस. दुपारच्या वक्ताक तुज्या लेकरांका सावली नि पाणी गावांदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळ्या बाया ओरडल्या. जाऊ सगळ्यांत मोठ्याने.

त्याची मान कलली. आम्ही तो होकार धरला.

शुद्धीवर आल्यावर हे ऐकून तो खवळेल असं वाटलं होतं. पण स्वारीची छाती फुगली. त्यांच्या घराण्यात आजवर कुणाला अवसर आला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून दुपारी तोच ओरडून आम्हाला सावलीत बसवू लागला.

मग एकदा घाटावरचा कंत्राटदार आला. आम्ही झाडाखाली पाय पसरून बसलेल्या. “उठा सगळ्या! कुणाच्या हुकमाने बसलात?” जाऊ पोट सावरत उठू लागली. मला त्या माणसाचं टाळकं फोडावंसं वाटलं. मुकादमाची नोकरी त्याच्या हातात, तेव्हा हा शेपूट घालणार, याबद्दल मला शंका नव्हती.

मुकादमाने टोपी काढून नीट खाली ठेवली आणि थडथड उडू लागला. कंत्राटदार घाबरून मागे सरला. घुमता घुमता मुकादम माझ्याजवळ आला, एक डोळा किलकिला केला आणि दातांतल्या दातांत म्हणाला, “गाऱ्हाणा घाल गो, बेगीन!”