धुक्यात बाबांनी मारलेली हाक

मंडळी, पाय अजून गार आहेत, पण सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

बाबा नागपूरहून पहिल्यांदाच अमेरिकेत आलेत. न्यू इंग्लंडची जुनी बंदरं दाखवायला त्यांना घेऊन मेन राज्यात आलेय. आज दुपारी एका छोट्या बेटावरचं जुनं लाइटहाउस बघितलं. ओहोटीला समुद्रात दगडगोट्यांची वाट उघडी पडते. तिच्यावरून चालत जायचं आणि भरतीच्या आत परतायचं.

आम्ही वेळेत निघालो, पण अर्ध्या वाटेत असं धुकं आलं की चार हातांपलीकडचं दिसेना. तेवढ्यात डावीकडून बाबांची हाक आली, "मीनू, इकडून ये गं!"

मी वळले. थोड्याच पावलांत पाणी गुडघ्यापर्यंत आलं.

मागून कोणीतरी माझं मनगट घट्ट धरलं. बाबाच होते.

"कुठे चाललीस?"

"तुम्हीच बोलावलंत ना!"

"मी तुझ्या मागेच होतो. मी कशाला बोलावू?"

एकमेकांचा हात धरून, दगड चाचपत कसेबसे काठावर पोचलो.

कारमध्ये हीटर लावला. बाबांनी ओले मोजे काढले. मग म्हणाले, "हाक मीही ऐकली. पण तो आवाज तुझा होता. तू समोर पाठमोरी दिसत होतीस, म्हणून मी तिकडे गेलो नाही."

धुक्यात आवाजाची दिशा फसवते, मान्य आहे यार. पण दोघांना दोन वेगळे आवाज? तुमच्यापैकी कोणी ऐकलंय असं काही? हसू नका, खरं सांगा.