एकवीस मुलींचं पान

आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाची वेबसाइट मी तयार केली, तेव्हा माझी मोठी बहीण त्याच यादीत होती. मंडळाचं ऑफिस नागपुरात सीताबर्डीला, साड्यांच्या दुकानावर. एका पानावर किती मुली दाखवायच्या यावर तिथे चहाच्या दोन फेऱ्या झाल्या. मी वीस म्हटलं, तर अध्यक्षकाका दचकलेच.

"शून्यावर काहून संपवून राहिली वं बेटा? शुभकार्याची गोष्ट हाय. एकवीस कर."

आहेराच्या पाकिटात वर एक रुपया घालतात, तशी एक मुलगी वर. मी म्हटलं, पानं हवीतच कशाला? सगळ्या एकाखाली एक दाखवू, नाहीतर रोज क्रम बदलू. छापील पुस्तिका लोक बोट ओलं करून शेवटपर्यंत चाळायचे, मोबाइलवर दुसरं पान कोण उघडतो?

"नव्या पोरीले मान द्यावाच लागते," काका म्हणाले.

म्हणजे नवी नोंद वर आणि जुनी खाली. हसतखेळत ठरलं सगळं. त्या हसण्याचाच मला जास्त संताप आला.

बहीण शाळेत शिकवायची. कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीजवळ आम्ही दोघी आणि आई राहायचो. सुरुवातीला बहीण पहिल्या पानावर होती, तोवर अधूनमधून स्थळांचे फोन यायचे. पत्रिका मागायचे, उंची विचारायचे, रंग आडून विचारायचे. नव्या नोंदी आल्या, ती दुसऱ्या पानावर घसरली आणि फोन बंद झाले. मुलगी तीच, शिक्षण तेच, फोटोही तोच.

मग तिचं आतबाहेर सुरू झालं. पहिल्या पानावरच्या कुणाचं लग्न ठरलं की ते नाव निघायचं आणि ही वर यायची. नवी मुलगी आली की पुन्हा खाली. शाळेत निघताना ती मोबाइल बघून म्हणायची, "आज कोणाचं तरी जमलं वाटते." आणि खरोखर खूश व्हायची. दुसरीचं जमल्याशिवाय हिचा फोटो दिसणार नाही, हे तिनं इतक्या शांतपणे मान्य केलं होतं की मला तिचाच राग यायचा.

एकदा ती अशीच पहिल्या पानाच्या तळाशी आली होती. मला वाटलं, आता तरी फोन येईल. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "मले काढून टाक वं त्यातून."

"काहून? आत्ताच तर वर आली तू."

"म्हणूनच. मागच्या पानावरच्या पोरीले तरी येऊ दे."

मी खूप भांडले. ती ऐकेना. शेवटी मी तिचं नाव काढलं, आणि त्या जागी एक अनोळखी मुलगी आली. निळी साडी, स्टुडिओतला फोटो, ओठ घट्ट मिटलेले.

आईला आम्ही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी देवपूजा आटोपून तिनं नेहमीसारखं मोबाइलवर ते पान उघडलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"काहून वं, तू दिसून नाही राहिली?"

"मागच्या पानावर गेली असन," बहीण म्हणाली, आणि डबा घेऊन शाळेत निघाली.