आप्पांचा अंगठा आणि आमचा लाल दिवा

"मावशी, राज्य तिकडं दवाखान्यात करा. हे माझं रान हाय!"

"रान तुमचं असंल आप्पा, पण अंगठा माझ्या वहीत हाय!"

आप्पांच्या एका हातात चप्पल, दुसऱ्या हातात पाटी, पुढ्यात तोडणीला आलेला झेंडू. ते चप्पल घालायला तयार नाहीत आणि मी बांधावरून हटायला तयार नाही!

हे भांडण कसं मिटलं ते सांगतेच. पण किश्शांचं असं असतं, एक उचलावा तर त्याखाली आणखी चार निघतात. ते आधी बाजूला करू द्या.

मी शिरूरच्या एका दवाखान्यात ड्रेसिंग करते. शाळा चौथीपर्यंत, बाकीचं सगळं बघून बघून शिकले. शुगरवाल्यांच्या न भरणाऱ्या जखमांसाठी आमच्या डॉक्टरीणबाईंनी लाल प्रकाशाचं मशीन आणलं. जखम धुवायची, पेशंटला काळा चष्मा लावायचा, दिव्याची मान वाकवून ठरलेली मिनिटं उजेड द्यायचा. बाई प्रत्येकाला बजावतात, "हा दिवा फक्त मदतीला आहे. शुगर वाढली, ड्रेसिंग चुकलं, पाय जपला नाही, तर तो एकटा काही करणार नाही."

*

मशीन शिकवायला पुण्याहून एक टायवाला आला. सगळ्यांना समजावून झाल्यावर मला म्हणाला, "आजी, तुम्ही फक्त पुसून ठेवत जा हं."

मी आठवडे बाजारातून जुनी डिक्शनरी आणली आणि मशीनचं इंग्रजी पुस्तक एकेक शब्द लावून वाचून काढलं.

पुढच्या खेपेला तो पेशंटवर दिवा धरून दाखवायला लागला. मी म्हटलं, "साहेब, सोळाव्या पानावर अंतर वेगळं लिहिलंय."

त्यानं पान उघडलं. दोनदा वाचलं. दिवा खाली घेतला आणि विचारलं, "मॅडम, तुमचं शिक्षण?"

"चालू हाय!"

*

आप्पा दौंडकडचे, भीमाकाठचे झेंडूवाले. आले तेव्हा अंगठ्याखाली बोराएवढी जखम, आणि पाय इतका बधिर की दुखणं ठाऊकच नाही. पट्टी सोडली तर आत पिवळाजर्द लेप!

शेजारी त्यांच्या मंडळी, आमच्या काकू. म्हणाल्या, "हळद हाय. वरनं दिवा, खालनं हळद, दोन्हीकडनं काम!"

"काकू, दार लावून घेतल्यावर घरात ऊन येतं का?"

काकूंना पटलं. दुसऱ्या दिवशी जखम स्वच्छ. मी पाणी घेऊन परत येते तर मशीनच्या कपाळाला हळदीकुंकू!

"जखमेला न्हाई लावली हां मावशी," काकू म्हणाल्या. "पण येवढं काम करतंय, त्याला नको का लावाया?"

*

पोल्ट्रीवाले तात्या दोनदा आले आणि गायब. म्हणे, "घरी लाल बल्ब हाय की, शिरूरला कशाला हेलपाटे?"

कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायचा बल्ब! पाय बधिर, भाजलं तरी कळलं नाही. हा टम्म फोड घेऊन परत आले. मी चांगलं फैलावर घेतलं. "अहो, आमचा दिवा भाजायचा न्हाई! लाल दिसलं की झालं व्हय?"

तात्या खाली मान घालून म्हणाले, "पिल्लं मात्र झकास वाढली, मावशी."

*

दर आठवड्याला मी जखमेची कड पारदर्शक कागदावर गिरवते आणि वहीत लावते. ही माझी पद्धत. बाईसुद्धा आधी माझी वही मागतात! आप्पांचं बोर तुरीवर आलं, तूर ज्वारीवर. आप्पा वही घेऊन दवाखानाभर फिरले. "बघा माझा सातबारा! क्षेत्र कमी झालं म्हणून हासणारा मी पहिलाच शेतकरी!"

*

आणि एका सोमवारी पट्टी सोडली तर ज्वारीचं पुन्हा बोर. आत चिखल.

बाईंनी मऊ तळाची खास चप्पल दिली होती. ती पायात होती की! मी काकूंकडं बघितलं. काकू हळूच म्हणाल्या, "बांधापातूर घालत्यात. रानात शिरताना काढून ठिवत्यात."

पुन्हा पहिल्यापासून. दिवा, ड्रेसिंग, घरात बसणं. किती आठवडे गेले! शेवटी जखमेचं तोंड मिटलं. बाई म्हणाल्या, "आप्पा, रानात जा, पण चप्पल घालूनच. आता जखम उघडली तर अंगठा वाचायचा नाही."

आप्पांनी मान हलवली. त्या मानेवर माझा विश्वास नव्हता. तोडणीच्या दिवशी सकाळीच जीप पकडली आणि त्यांच्या बांधावर जाऊन उभी राहिले. आप्पा आले, वाकले आणि चप्पल काढली!

मग जे जुंपलं, ते तुम्ही सुरुवातीला ऐकलंच.

"अंगठा गेला तर गेला!" आप्पांचा आवाज फुटला. "माझ्या बापानं, आज्यानं हितं कवा पायताण आणलं न्हाई. काळी आई हाय ती! आईच्या अंगावर चप्पल घालून चढू मी?"

काकूंनी डोळ्याला पदर लावला. तोडणीच्या बायका हात थांबवून बघायला लागल्या.

मी म्हटलं, "आप्पा, चपलेचा राग येणारी आई असती, तर नांगराचा फाळ पोटात घुसला तवाच तिनं तुम्हाला रानाबाहेर हाकललं असतं!"

तोडणीच्या बायका खो खो हसल्या; आप्पांनी पाटी खाली ठेवली, वाकून मातीला हात लावला आणि चप्पल पायात घालूनच झेंडूत शिरले.